संरक्षण अहवालाचा एक वाचक

निवृत्त ग्रंथपाल भेटली की लोक हमखास विचारतात, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय वाचलं जायचं?" उत्तर सोपं आहे. रहस्यकथा, पाककृती, आणि दहावीच्या परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नसंच. सगळ्यात कमी काय वाचलं जायचं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. मला लिहायचं आहे ते त्याच कपाटाविषयी.

डिचोलीच्या वाचनालयात मी नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. वाचनालय बाजाराच्या वरच्या अंगाला, एका जुन्या घराच्या माडीवर होतं. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि त्यांची लाल धूळ जनेलातून आत येऊन पुस्तकांवर बसायची. सकाळी आल्यावर पहिलं काम फडकं मारायचं. पांढरं फडकं दुपारपर्यंत काजूच्या बोंडासारखं लाल व्हायचं.

जनेलाखाली एक लोखंडी कपाट होतं. त्यात दिल्लीहून छापून आलेले सरकारी अहवाल असत. संरक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, परराष्ट्र खात्याचे, संसदेच्या समित्यांचे, आणि सरकारनं अभ्यासकांकडून करून घेतलेले सीमाप्रश्न, शेजारी देश, समुद्री मार्ग अशा विषयांवरचे जाडजूड प्रबंध. पणजीच्या मोठ्या ग्रंथालयात त्यांचे जादा संच पडून राहायचे. तिथली जागा अडते म्हणून वर्षातून एकदा टेम्पोत घालून ते तालुक्याला पाठवले जायचे. आमच्याकडे जागा होती असं नव्हे. आम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच.

आलेल्या प्रत्येक पुस्तकावर आम्ही शिक्का मारतो. एक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, आणि एक मधल्या ठरलेल्या पानावर, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून पुस्तक पळवलं तरी ते कुणाचं हे कळतं. संरक्षण अहवाल पळवणारा माणूस डिचोलीत जन्माला यायचा होता, तरी मी इमानेइतबारे दोन्ही शिक्के मारायची. गोवा राज्य झालं त्या वर्षी आमच्या शिक्क्यावरचं 'दमण आणि दीव' जुनं झालं. नवा शिक्का येईपर्यंत मी जुनाच मारून त्यातले ते शब्द पेनानं खोडत बसे. मराठी की कोकणी हे भाषेचं आंदोलनही तेव्हा ताजं होतं. आमच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते रॉकेलनं पुसून काढलं होतं. कोण कुठल्या बाजूचं हे विचारायची सोय नव्हती. मी घरात पेडण्याची बोली बोलायची, सासूबाई डिचोलीची बोलायच्या, आणि भांडण लिहून करायचं झालंच तर आम्ही दोघी मराठीत चिठ्ठी लिहायचो.

पणजीला आमचे एक वरिष्ठ होते. त्यांनी मला अहवाल वाचायचे कसे हे शिकवलं. ते म्हणायचे, "अहवाल शेवटाकडून वाचायचा. पुढच्या पानांवर सरकारला काय सांगायचंय ते असतं, मागच्या परिशिष्टात काय घडलं ते असतं. आणि ज्या वाक्यात कर्ता सापडत नाही, तिथं थांबायचं." हे शेवटचं मला पुढं फार उपयोगी पडलं. 'निर्णय घेण्यात आला', 'हानी सोसावी लागली', 'माहिती घेण्यात येत आहे'. कुणी घेतला, कुणी सोसली, कोण घेतंय? कर्ता गायब. सरकारी लेखनात माणसं नाहीशी होतात ती आधी व्याकरणातून.

या कपाटाला सुरुवातीची काही वर्षं एकच वाचक होता. वाळपईचे एक निवृत्त शाळामास्तर. त्यांना आम्ही पाठीमागं परराष्ट्रमंत्री म्हणत असू. ते परराष्ट्र खात्याच्या अहवालाच्या समासात पेन्सिलीनं शेरे मारायचे. 'असहमत.' 'हे आधीच करायला हवे होते.' एकदा 'पुन्हा लिहून आणा' असाही शेरा सापडला. मी रबरानं खोडायची आणि ते पुढच्या खेपेला पुन्हा लिहायचे. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांचं येणं थांबलं आणि आपलं परराष्ट्र धोरण निर्वेध चालू राहिलं.

मग जानूकाका आले.

राज्य झालं त्याच वर्षी पावसाळ्यात आपली फौज समुद्रापलीकडच्या श्रीलंकेत गेली होती. तिला शांतिसेना म्हणत. त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. दुपारी एक साठीतला माणूस माडी चढून आला. उंच, काटक, गुडघ्याच्या खाली आलेलं धोतर, वर इस्त्री केलेला सदरा. पायातल्या वहाणा त्यांनी दाराबाहेर काढल्या. वाचनालयात वहाणा काढून आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"बाय," ते म्हणाले, "हांगा सरकाराचां लढायेचां पुस्तक आसा म्हणतत. खरां?"

ती माझ्या माहेरची बोली. मी त्यांना खुर्ची दिली. ते हळर्णचे. नाव जानू गवस. सकाळी होडीनं नदी ओलांडून, पलीकडे बस धरून, मध्ये दुसरी बस बदलून आले होते. पेडण्यात चौकशी केली तर डिचोलीला विचारा म्हणाले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा, अनंता, सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होता. शांतिसेनेबरोबर गेला. आणि एक दिवस पलटणीकडून इंग्रजी पत्र आलं. त्यांनी ते खिशातून काढलं. मेणकापडात गुंडाळलेलं होतं. गावच्या मास्तरांनी त्यातला एकच शब्द समजावून सांगितला होता, की अनंता मिसिंग आहे, म्हणजे बेपत्ता.

"तुमच्या पुस्तकात त्याचां नाव आसा काय बघ मगे."

मी त्यांना सांगितलं की असल्या पुस्तकात नावं नसतात. तरी ते बसून राहिले. मग मी त्या वर्षीचा अहवाल काढला, त्या मोहिमेवरचा भाग शोधला आणि शब्दकोश शेजारी ठेवून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. ते गुडघ्यांवर हात ठेवून, देवळात पुराण ऐकावं तसे ऐकत होते. एका ओळीत तीन शब्द आले: मृत, जखमी आणि बेपत्ता.

"ह्या तिगांतलो माजो खंयचो?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

"म्हणजे मेलो असां लिवक नाय?"

"नाही. असं लिहिलेलं नाही."

"माजां बोट थंय लाव."

मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. ते बराच वेळ तिथंच होतं. मग त्यांनी पत्र पुन्हा मेणकापडात गुंडाळलं, वहाणा घातल्या आणि बस चुकेल म्हणून घाईनं गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पुडल्या वर्सा नवां पुस्तक येतलां मगे?"

पुढच्या वर्षी नवं पुस्तक आलं आणि ते आले. या खेपेला त्या मोहिमेचा मजकूर निम्म्यावर आला होता, पण तो शब्द होता. मी वाचलं, त्यांचं बोट लावून दिलं. येताना त्यांनी परड्यातली तोरिंजनं, म्हणजे पपनसं, आणली होती. एक मला, एक वाचनालयाच्या शिपायाला. बोलता बोलता त्यांनी घरचं सांगितलं. बायको पूर्वीच गेलेली. घरात ते आणि सून, सुमित्रा. लग्न झाल्यावर जेमतेम दीड महिना अनंता घरी होता. ती गावच्या बालवाडीत मदतनीस होती.

"पोर गुणाची," ते म्हणाले. "अजून रोज त्याचां ताट मांडता."

तिसऱ्या वर्षी फौज परत आली. त्या वर्षीचा अहवाल हातात आला तेव्हा मी तो आधीच वाचून ठेवायचं ठरवलं. शेवटाकडून वाचला, पुढून वाचला. मोहीम संपल्याचा उल्लेख होता. बाकी काही नव्हतं. तो शब्द तर कुठंच नव्हता. मोहीम संपली, हिशेब मिटला, आणि जो सापडला नाही तो आता शोधायच्या यादीत आहे की नाही, हे सांगायला कर्ताही नव्हता आणि क्रियापदही नव्हतं.

मी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. आमचं कामच ते. पुस्तकात आहे ते आहे म्हणायचं, नाही ते नाही म्हणायचं. पण जानूकाका माडी चढून आले, धाप लागलेली, वहाणा बाहेर काढल्या आणि म्हणाले, "आसा मगे अजून?"

"आहे," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. मग मी अहवाल उघडला आणि आदल्या वर्षीची वाक्यं आठवून आठवून, जणू समोर छापलेली आहेत अशी, वाचून दाखवली. त्यांनी बोट पुढं केलं. आता ते लावायचं कुठं? क्षेपणास्त्रांवर एक भाग होता. मिसाइल हा शब्द पानावर ठिकठिकाणी. इंग्रजीत त्याची सुरुवातीची अक्षरं मिसिंगचीच, म्हणून मी त्यांचं बोट त्या शब्दावर ठेवलं. माझा हात थरथरत होता. त्यांनी बोट तसंच ठेवलं, आणि मग सावकाश उचललं.

मी हे तीन वर्षं केलं.

आज हे लिहिताना स्वतःची बाजू मांडायचा मोह होतो. म्हातारं माणूस, एवढ्या लांबून येतं, वर्षातून एक दिवस, काय बिघडलं? तेव्हा मी स्वतःला हेच सांगत होते. खरं तर मला त्यांची वाट पाहायची सवय लागली होती. लग्नानंतर माझं माहेर तुटल्यासारखं झालं होतं. वडील गेले, भावानं घर भाड्यानं दिलं. जानूकाका आले की ती बोली कानावर पडायची, कुठं नाचणी पेरली, कुठल्या व्हाळाला पाणी आलं, हे कळायचं. त्या एका दुपारसाठी मी वर्षभर झुरत असे हे मला नंतर समजलं. खरं सांगितलं असतं तर ते पुन्हा आले नसते, ही भीती माझ्याही पोटात होती.

तिसऱ्यांदा खोटं वाचलं त्यानंतर पंधरा दिवसांनी एक तरुण बाई वाचनालयात आली. सुती साडी, गळ्यात काळ्या मण्यांची पोत, हातात बालवाडीची पिशवी. कपाटांकडे न बघता सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, मी सुमित्रा. हळर्णच्या जानू गवसांची सून."

मी उठून उभी राहिले. का, ते माहीत नाही.

"मामा दरवर्षी तुमच्याकडून येतात आणि सांगतात, अजून बेपत्ता लिहिलंय, म्हणजे शोध चालू आहे. मी दहावीपर्यंत शिकलेय. अडखळत वाचते, पण इंग्रजी वाचते. मला ती ओळ दाखवा."

दुपारची वेळ, वाचनालयात आणखी कुणी नव्हतं. मी कपाटाकडे वळले, किल्ली लावली आणि तशीच थांबले.

"ओळ नाही," मी म्हटलं.

"ह्या वर्षी नाही?"

"तीन वर्षं नाही."

ती खुर्चीवर बसली. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंद एकमेकांत गुंडाळत, सोडत राहिली. मग हळूहळू सांगायला लागली. सैन्याच्या कचेरीतून एक फॉर्म येऊन पडला होता. इतक्या काळात पत्ता नाही, तेव्हा यापुढे मृत समजावं, याला घरच्यांची संमती. तिनं एकटीनं सही केली असती तरी चालली असती. पण सासऱ्यांच्या सहीशिवाय आपण करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. आणि सासरे म्हणत, सरकारचं पुस्तक जोवर त्याला बेपत्ता म्हणतंय तोवर बापानं मेला म्हणून कसं लिहून द्यायचं? तिच्या माहेरून, दोडामार्गाकडून, एक स्थळ आलं होतं. खनिजाच्या ट्रकवर चालक, बायको बाळंतपणात गेलेली. तो दोन वर्षं थांबला होता.

"म्हणजे मी तुमच्या सांगण्यावर थांबलेय, ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी काय करू, सांग."

"मामांका तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर सुनेला घाई झालीय असं होईल. आणि खरं विचाराल तर घाई नाहीच हो मला. मला अजून त्यांची चाहूल लागते. पण कुणाची वाट बघतेय ते तरी कळू दे."

रविवारी मी हळर्णला गेले. संदर्भाची पुस्तकं बाहेर न्यायची नसतात. मी नोंदवहीत पाचही अहवाल 'बांधणी दुरुस्तीसाठी' म्हणून लिहिले, खाली स्वतःची सही केली आणि ते कापडी पिशवीत भरले. आयुष्यात नोंदवहीत केलेली माझी ती एकमेव लबाडी. होडीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली. होडीवाल्यानं विचारलं, "बाय, बाजार काय?" मी हो म्हटलं. दोन लबाड्या झाल्या.

जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटाखालून वाट जात होती. घर नीटनेटकं, समोर चार माड. जानूकाका सोप्यावर बसून माडाच्या चुडतांचे हीर काढून केरसुणी बांधत होते. मला बघून त्यांनी काम खाली ठेवलं.

"तू हांगा? बस गे बाय. सुमित्रा, पाणी हाड."

मी बसले, पण पाणी प्यायले नाही. पिशवीतून अहवाल काढले, ओळीनं मांडले. पहिले दोन उघडून तो शब्द दाखवला. मग बाकीचे तीन पुढं केले आणि सांगितलं, "काका, ह्या तिन्हींत काही नाही. मी खोटं वाचलं. तीन वर्षं खोटं वाचलं."

ते अहवालांकडे बघत राहिले. मग उठून आत गेले, मेणकापडाची गुंडाळी घेऊन आले. पत्र उलगडून त्यातल्या शब्दावर त्यांनी स्वतःच बोट ठेवलं.

"हो शब्द बघ. हेच्या शेवटाक खाली शेपटी आसा. माका इंग्लीश वाचूक येना, पण शेपटी दिसता." त्यांनी तिसरा अहवाल जवळ ओढला. क्षेपणास्त्रांचं पान त्यांना बरोबर सापडलं. "तुवें माजां बोट हांगा लायलां. ह्या शब्दाक शेपटी नाय. पयल्याच वर्सा माका कळलां."

मिसिंगच्या शेवटच्या जी अक्षराची ती शेपटी. "मग बोलला का नाही?"

"तुजो हात थरथरतालो. तुका वायट दिसात म्हणान बोलंक नाय." त्यांनी अहवाल मिटला. "आणि बोललो आसतलो तर तू परत वाचलां नसतां. हांगा गावात त्याचां नाव कोण काडीत नाय. मी काडलां तर लोक दुसऱ्या गजालीर जातत. तुज्याकडे वर्सातसून एक दीस कोण तरी माज्यासमोर बसून त्याची गोष्ट वाचतालां. खरी जांव, खोटी जांव."

दारात भांडं वाजलं. सुमित्रा पाणी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तुमकां ठावक होतां?"

जानूकाकांनी मान वर केली नाही.

"तीन वर्सां ठावक होतां, आणि माका सांगूक नाय?"

"गो बाये," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू गेलंस म्हणजे तो खरोच गेलो. तू ताट मांडतंस म्हणान तो आसा."

परड्यात कोंबडी उकरत होती तिचाच काय तो आवाज. सुमित्रा आत गेली. मला वाटलं आता ती येणार नाही. ती आली ती तो फॉर्म घेऊन. घड्या घालून घालून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. तिनं तो सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला नाही. त्यांच्या शेजारी सोप्यावर बसली आणि स्वतःच्याच मांडीवर ठेवला.

"मी जातंय म्हणान नाय सांगत," ती म्हणाली. "पण मामा, दर दिवशी मी तेंका जेवूक बोलयतंय आणि ते येनत. आता तेंका बोलवूक माज्यान होणा नाय."

जानूकाकांनी माझ्याकडे पेन मागितलं. पोर्तुगीज अमदानीत गावातल्या मराठी शाळेत ते दोन वर्षं गेले होते. तेवढ्या अक्षरांनी त्यांनी सही केली. जानू विठोबा गवस. प्रत्येक अक्षर वेगळं. अक्षरांवरची रेघ मात्र शेवटी एकदम ओढली. मग सुमित्रानं सही केली. मला साक्षीदार म्हणून करायला सांगितली, ती मी केली. आजवर हजारो पुस्तकांवर सह्या केल्या असतील, पण त्या सहीला जितका वेळ लागला तितका कशालाच नाही.

निघताना जानूकाका होडीपर्यंत आले. पिशवी त्यांनीच धरली होती.

"आता तुज्याकडे येवचां कशाक?" ते म्हणाले.

"या," मी म्हटलं. "काय लिहिलंय ते वाचीन. नसेल ते नाही म्हणेन."

सुमित्राचं लग्न दोडामार्गाजवळच्या एका लहान देवळात झालं. मी गेले होते. जानूकाका आले, मागच्या ओळीत बसले, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी निघून गेले. सुमित्रानं त्यांना जाताना पाहिलं. तिनं हाक मारली नाही. दर महिन्याला मात्र ती हळर्णला जाऊन त्यांचं घर सारवून, दळण आणून देऊन येई, आणि सोबत तो ट्रकचालक नवरा असे. तो माणूस फारसं बोलत नसे. जानूकाकांच्या घराच्या छपरावरच्या नळ्यांची शाकारणी तो दर वर्षी स्वतः चढून करायचा.

आणि जानूकाका माझ्याकडे येत राहिले. नवा अहवाल आला की मी खरंच वाचायची. कुठल्या डोंगरी सीमेवर बर्फात चौक्या आहेत, कुठलं जहाज नवं बांधलं, कुठल्या देशाशी बोलणी लांबली. ते ऐकत आणि मध्येच विचारत, "थंय कोणाचे झील आसत?" कुणाचे मुलगे, ते अहवालात नसे. मी म्हणे, "लिहिलेलं नाही, काका." ते मान हलवत. एका वर्षी ते आले नाहीत. मी कपाट उघडून अहवाल टेबलावर काढून ठेवला होता. चार दिवस तो तिथंच ठेवला. पाचव्या दिवशी सुमित्राचा नवरा आला आणि दारातच उभा राहिला. त्यानंही वहाणा बाहेर काढल्या होत्या. मला कळलं.

त्यानंतर माझी बरीच नोकरी राहिली होती. वाचनालय नव्या इमारतीत गेलं, अहवाल पुढं संगणकावर वाचायला मिळू लागले, आणि ते लोखंडी कपाट भंगारात निघालं. खाणी बंद झाल्या तेव्हा पुस्तकांवरची धूळही थांबली. पांढरं फडकं संध्याकाळीही पांढरंच असायचं. सगळं स्वच्छ, मोकळं, आणि मला तिथं करमेनासं झालं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारलं, आठवण म्हणून काय हवं? मला त्या माडीवरची एक दुपार हवी होती, पण तसं सांगता येत नाही. मी छत्री मागितली.

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर सुमित्रा घरी आली. केस पिकलेत. मुलगी म्हापशाला, लोकांना सहलींना नेणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. तिनं आईबापांना श्रीलंकेला पाठवलं होतं. आठ दिवसांची सहल. बुद्धाची देवळं, हत्ती, चहाचे मळे.

"आणि?" मी विचारलं.

"आमच्यांनी आधीच चौकशी केलेली," ती म्हणाली. नवऱ्याला ती आमचे म्हणते. "शांतिसेनेतल्या लोकांची नावं कोरलेला दगड आहे तिथं. मी म्हटलं, मला नको बघायला. मी बाहेर झाडाखाली थांबले. हे गेले. इंग्रजी यांना धड येत नाही, एकेक नाव जुळवत जुळवत वाचत होते. तासभर झाला. मग आले आणि म्हणाले, 'आसा.'"

"मग तू गेलीस?"

"गेले. नाव होतं, ताई. बेपत्ता वगैरे काही नाही, नुसतं नाव. आम्ही सही केली नसती तर ते तिथं लागलं असतं का, कोण जाणे. मी हात ठेवला. ऊन होतं, दगड तापला होता."

मग तिनं डोळे पुसले आणि एकदम हसली, आणि बोलता बोलता गावच्या बोलीत शिरली.

"पण ताई, खरां सांगू? दगडापेक्षा माका वाटेत दिसलां ता जास्ती आठवता. गाडयेतसून बघी होतंय. तांबडी माती. माड. फणस. व्हाळार साकव. एक म्हातारी अंगणात तांबड्यो मिरसांगो सुकत घाली होती, आणि कोंबडी येता म्हणान हातात काठी. मी आमच्यांका म्हटलां, बघा, ही आपली हळर्णच. तेंका हांगा परक्या मुलखात इल्यासारखां दिसूकच नाय आसतलां. हांगा पडले तरी घराकडेच पडले."

माझ्या पुढ्यातला चहा निवून गेला होता. ही गोष्ट ज्या माणसाला सांगायला हवी होती तो माणूस आमच्या दोघींच्याही डोळ्यांपुढं होता. तिनं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

"सुमित्रा," मी म्हटलं, "परत सांग बघू. ती म्हातारी काय करत होती?"

तिनं पदर सावरला, खुर्चीत नीट बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.